उजवीकडचा तिसरा बाक

अमरावतीत आमच्या चर्चच्या गेटसमोर एक चहाची टपरी आहे आणि गेली पंचवीसेक वर्षं मी त्या टपरीचा नियमित उपासक आहे. रविवारी सकाळी राजापेठेतून स्कूटर काढायची, बायकोला गेटपाशी उतरवायचं, "झालं की फोन कर" म्हणायचं आणि स्कूटर वळवून टपरीसमोर उभी करायची. हे इतकं अंगवळणी पडलंय की झोपेतही जमेल.

मी एकटा नाही. आम्ही आठ-दहा नवरे असतो तिथे. एक एसटीतून निवृत्त झालेला, एक विमावाला, दोघं शाळामास्तर, एक प्लॉटचे व्यवहार करणारा. सगळ्यांचा बाप्तिस्मा झालेला, सगळ्यांची लग्नं त्याच चर्चात लागलेली. देवावर कुणाचा राग नाही. आतून गाणं ऐकू आलं की आमच्यातले दोघं ताल धरतात, आणि एकजण तर टपरीच्या फळीवर बोटांनी चांगला तबला वाजवतो. उपदेश लांबला की सगळ्यांत आधी आम्हालाच कळतं, कारण दुसरा चहा सांगावा लागतो. एकदा पाळकसाहेब उपासनेच्या आधी स्वतः टपरीवर आले आणि म्हणाले, "भाऊ, आत पंखे बी लावले आता." आम्ही त्यांना चहा पाजला. तो पिऊन ते आत गेले आणि आम्ही बाहेरच राहिलो.

माझी सबब इतरांपेक्षा भक्कम होती. मी फिजिक्सचे क्लास घेतो आणि रविवारी पोरांची टेस्ट असते. टेस्ट अकरा वाजता असते आणि उपासना साडेदहाला संपते, हे बायकोने लग्नानंतर पहिल्याच वर्षी दाखवून दिलं होतं. पण सबब एकदा चांगली बसली की माणूस ती बदलत नाही.

खरं सांगायचं तर पुरुष चर्चातून रुसून गेले नाहीत, भांडूनही गेले नाहीत. ते हळूहळू सरकले. दहावीचा क्लास लागला म्हणून पहिल्यांदा रविवार चुकला, मग कॉलेज, मग नोकरी, मग आठवड्याची एकच सुट्टी. आधी शेवटच्या बाकावर बसले, मग दाराशी उभे राहिले, मग गेटवर, आणि गेटवर ऊन लागतं म्हणून टपरीवर. बायका मात्र होत्या तिथेच राहिल्या. बुधवारची प्रार्थना त्यांची, आजाऱ्यांना भेटायला जाणं त्यांचं, संडे स्कूल त्यांचं, नाताळचा मंडपही आता त्याच उभारून घेतात. खेड्यावरच्या पाच-सहा घरांना महिन्यातून एकदा भेटायला जाणाऱ्या जीपमध्येही पुरुष म्हणून फक्त ड्रायव्हर असतो, आणि तो आपल्या मंडळीतला नाही.

पूर्वी हे असं नव्हतं, असं माझे बाबा सांगतात. बाबा अकोल्याला राहतात. आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांच्या चर्चात मागच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे, त्यावर पांढऱ्या रंगाने 'पुरुष मंडळ' लिहिलंय. त्याची किल्ली हरवली तेव्हा कुलूप तोडलं, तर आत निघाली एक पेट्रोमॅक्स, फाटलेल्या भात्याची पेटी आणि एक कॅरम. पेट्रोमॅक्स पाहून बाबा हळवे झाले. त्यांच्या तरुणपणी थंडीच्या दिवसांत सात-आठजण पॅसेंजरने चांदूर रेल्वेला उतरायचे आणि पेटी डोक्यावर घेऊन आतल्या गावापर्यंत पायी जायचे. कुणाच्या तरी अंगणात भजनं म्हणायची, भाकर-पिठलं खायचं, तिथेच झोपायचं. "आमाले गाता येत नव्हतं," बाबा म्हणतात, "पन ऐकनाऱ्याईलेबी दुसरं काई नव्हतं." त्या सात-आठांपैकी आता एकटे बाबाच उरलेत.

बाबांच्या चर्चात अजून जुनी रीत आहे. पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे. डावीकडे बाक पुरत नाहीत म्हणून मागे प्लॅस्टिकच्या खुर्च्या लावतात. उजवीकडे तिसऱ्या बाकावर बाबा, त्यांच्या मागे एक ऐकू न येणारे काका, आणि शेवटी दाराजवळ नुकती लग्नं झालेली दोन-तीन पोरं. त्यांना अजून टपरीवर जायची हिंमत झालेली नाही. मधल्या रिकाम्या बाकांवर जाऊन बसा असं बायकांना कितीदा सांगितलं तरी त्या बसत नाहीत. तसा नियम कुठे लिहिलेला नाही. कुणी कधी बसलं नाही, एवढंच.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. आमच्याकडे त्यात वाइन नसते. काळ्या मनुका रात्रभर भिजवून, उकळून, गाळून रस करतात आणि तो बोटभर उंचीच्या काचेच्या प्याल्यांत भरतात. भोकं पाडलेल्या एका मोठ्या गोल ताटात ते प्याले बसवलेले असतात. आधी ब्रेडचे तुकडे फिरतात, मग एक गीत होतं, मग प्याल्यांचं ताट. ताट फिरवायचं काम वडीलजनांचं. वडीलजन म्हणजे मंडळीने निवडलेले पुरुष. पूर्वी चार होते. दोघं गेले, तिसरे मुलाकडे पुण्याला, चौथे बाबा.

बाबा कृषी विद्यापीठात कामाला होते. प्रयोगाच्या शेतावर कपाशीचे वाफे मोजून आखायचे. ती सवय त्यांनी प्रभुभोजनात आणली. शनिवारी संध्याकाळी बेकरीतून ब्रेड आणतात, कडा काढतात आणि स्टीलची फूटपट्टी लावून एकसारखे तुकडे करतात. लहानपणी मी एकदा म्हटलं होतं, काय फरक पडतो? तर म्हणाले, "मोठ्या मानसाले मोठा अन् गरिबाले लहान, असं तं बाहेर चालूच आहे. इथं तरी सारखा पाहिजे." मला ते तेव्हा फार पटलं होतं. नंतर मी टपरीवर गेलो.

मागच्या वर्षी, दिवाळीनंतर, बाबांचा फोन आला. बाबा फोनवर फार बोलत नाहीत. जेवला का, पोरगी कशी आहे, ठेवतो. त्या दिवशी ठेवेनात.

"पुढच्या पयल्या रविवारी येशीन का तू?"

"काहून? काय झालं?"

"हात थरथरून राहिले माहे. मांगच्या खेपेले तीन प्याले लवंडले. पांढऱ्या चादरीवर."

"मग दुसऱ्या कोणाला सांगा ना."

"कोनाले सांगू?"

बाबांनी माझ्याकडे आयुष्यात काही मागितलेलं मला आठवत नाही. मी भौतिकशास्त्राचा मास्तर झालो तेव्हाही त्यांनी फक्त "बरं झालं" म्हटलं होतं. टेस्ट पुढे ढकलतो, येतो, असं सांगून टाकलं. बायकोला सांगितलं तर ती माझ्याकडे जरा वेळ पाहतच राहिली. ती सरकारी दवाखान्यात तीस वर्षं सिस्टर होती, माणसाकडे नुसतं पाहून ताप ओळखते.

शनिवारी आम्ही अकोल्याला पोचलो. संध्याकाळी बाबांनी फूटपट्टी काढली. पण सुरी हातात ठरेना, म्हणून पट्टी त्यांनी धरली आणि तुकडे बायकोने केले. मी बाजूला बसून सूचना केल्या. मग बाबांनी रिकामं ताट माझ्या हातात देऊन मला खोलीतून दोन फेऱ्या मारायला लावल्या. "हाताकडे पाह्यचं नाई, मानसाकडे पाह्यचं," म्हणाले. मी व्यवस्थित चाललो. बाबा खूश झाले आणि एरवी नऊला झोपणारा हा माणूस साडेनऊपर्यंत पॅसेंजरच्या गोष्टी सांगत बसला.

आता घरचा एक नियम सांगायला हवा, कारण सगळी गफलत त्यापायीच झाली. पहिल्या रविवारी सकाळी बाबांच्या घरात चूल पेटत नाही. प्रभुभोजन होईपर्यंत तोंडात काही घालायचं नाही, चहासुद्धा नाही. बाकी मंडळीत कुणी हे पाळतं असं नाही, पण आमच्याकडे आहे. मला सकाळी सहाला चहा लागतो. साडेआठपर्यंत माझं डोकं ठणकायला लागलं होतं.

बाबा तयारीसाठी चालत पुढे गेले. मी त्यांची जुनी स्कूटर काढली, बायकोला मागे बसवलं. चर्चच्या गेटपाशी आलो. पाय टेकवला. ती उतरली. मी म्हटलं, "झालं की फोन कर," आणि स्कूटर वळवली.

देवाशपथ सांगतो, मला कळलंच नाही. बायकोला वाटलं, मी गाडी लावायला चाललोय. मी रस्त्याच्या पलीकडे गेलो, तिथेही एक टपरी होती, स्टँड लावला आणि मग लक्षात आलं की आज आपल्याला आत जायचंय. पण तोवर आल्याचा वास नाकात शिरला होता. मी घड्याळ पाहिलं आणि मास्तरासारखा विचार केला. आमच्या अमरावतीत आधी उपदेश, मग प्रभुभोजन. म्हणजे किमान तास आहे. आता आत जाऊन डोकं धरून बसण्यापेक्षा एक कट चहा मारून ताजंतवानं जावं, हे बरं. घरचा नियम आठवला नाही असं नाही. आठवला, आणि मी त्याला म्हटलं, बाबांना कुठे कळतंय.

टपरीवर पाच-सहा नवरे होतेच. गाव वेगळं, माणसं वेगळी, पण उभं राहायची पद्धत तीच. एक हात खिशात, नजर गेटवर. त्यातला एक माझ्याकडे टक लावून पाहत होता. तो निघाला माझ्याबरोबर संडे स्कूलला असलेला, नाटकात मेंढपाळ झालेला. "अबे, तू? तू तं अमरावतीले अस्तं ना!" म्हणून त्याने माझ्या पाठीत धपाटा घातला आणि दुसरा चहा सांगितला. मग काय, मास्तरणीची छडी निघाली, मेंढपाळाची गळून पडलेली दाढी निघाली, कोण कुठे गेलं ते निघालं. मी त्याला म्हटलं, जरा वेळाने मला आत जायचंय, आज ताट माझ्याकडे आहे.

"किती वाजता?"

"उपदेश झाला की."

तो हसला. "उपदेश आता आखरीले अस्ते बाप्पा. नवीन पाळक आले तवापासून. उपदेश सुरू झाला की आमी मानसं सटकत होतो ना, मंग त्यायनं सटकनाऱ्यायचंच आधी उरकून टाकलं."

आणि तेवढ्यात आतून ते गीत सुरू झालं. ब्रेड फिरून झाल्यावर आणि प्याल्यांच्या आधी म्हणतात ते. लहानपणापासून कानात बसलेलं. मी चहाचा ग्लास फळीवर ठेवला की पाडला ते आठवत नाही. रस्ता ओलांडला, गेटमधून पळालो, बुटांसकट दारात शिरलो.

बाबा पुढून येत होते. ताट त्यांच्या हातात होतं आणि प्याले किणकिणत होते. गाणं संपलं होतं, सगळ्यांनी प्रार्थनेसाठी माना खाली घातल्या होत्या आणि त्या शांततेत फक्त तो आवाज. कुणी वर पाहत नव्हतं, पण ऐकत सगळेच होते. बाबांनी ताट छातीशी धरलं होतं. कोट नवीन घातला होता. मी दारात, ते वेदीपाशी, मधे सगळं चर्च, आणि मी चौकट धरून उभा.

उजवीकडे तिसऱ्या बाकावर एक घडी घातलेला रुमाल ठेवलेला दिसला. बाबांच्या जागेशेजारी. तिकडची सगळी बाजू ओस पडलेली, दहा माणसं झोपली तरी जागा उरेल, आणि बाबांनी माझ्यासाठी रुमाल टाकून जागा धरली होती. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मग डावीकडून माझी बायको उठली. तिने मधली वाट ओलांडली, उजवीकडे बाबांपाशी गेली आणि ताटाला दुसऱ्या बाजूने हात लावला. बाबांनी ताट लगेच सोडलं नाही. ती हळूच काहीतरी म्हणाली. ते तिने मला नंतर सांगितलं: "बाबा, तुमी समोर चाला, मी मांगून येतो."

बाबांनी ताट सोडलं आणि ते पुढे चालू लागले. ती मागून. किणकिण थांबली. तीस वर्षं वॉर्डात औषधांचा ट्रे फिरवलेली बाई ती, पाण्यावरून चालल्यासारखी चालते. बाबा प्रत्येक बाकाशी थांबत, मान लववत, आणि ती ताट पुढे करी. डावीकडच्या म्हाताऱ्या बायकांनी आधी बाबांकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि प्याले उचलले. मला वाटलं होतं, कुणीतरी तोंड वाकडं करेल. एकीने तिचा पदर सारखा केला, तेवढंच. मग दोघं उजवीकडे आले. ऐकू न येणारे काका, नवे नवरदेव. आणि मग दारात मी.

ताट माझ्यासमोर होतं. बाबा माझ्याकडे पाहत होते. माझ्या तोंडाला आल्याची चव होती. खोटं बोलून प्याला उचलता आला असता, कुणाला काय कळणार होतं. पण त्या माणसापुढे उचलवेना. मी मान हलवली, नको म्हणून. बाबांना समजलं. त्यांनी फक्त पापण्या मिटल्या आणि पुढे गेले.

घरी आल्यावर बाबा प्याले धुवायला बसले. ते काम ते कुणालाच देत नाहीत. परातीत गरम पाणी, बाजूला पंचा. मी जवळ जाऊन उभा राहिलो.

"चहा कसा होता?" बाबांनीच विचारलं.

"बरा होता."

"अद्रक लय टाकते तो."

मी चमकलो. "तुमाले कसं मालूम?"

"मी बी उभा राह्यलो ना तिथं. तुही माय गेली त्या वर्षी. सहा मयने." त्यांनी एक प्याला उजेडाकडे धरून पाहिला. "डावीकडे तिची जागा दिसे. आत बसवत नव्हतं."

हे मला माहीत नव्हतं. त्या वर्षी मी अमरावतीत क्लासची नवी बॅच बसवत होतो.

"मंग आत कसे गेले?"

"तो पेटी वाजवनारा माहा दोस्त होता ना, तो आला टपरीवर. काई बोलला नाई. माहा हात धरला अन् आत नेऊन आपल्या बाजूले बसवलं. दर रविवारी यायचा बोलवाले. मंग मीच जायले लागलो." प्याला पंचावर उपडा ठेवला. "तो बी गेला आता."

मी म्हटलं, "बाबा, पुढच्या महिन्यात ताट मी धरतो. नक्की."

बाबांनी मान हलवली. "ताट तं कोनीबी धरीन रे. सूनबाईनं धरलं, माह्यापेक्षा चांगलं धरलं. मी पाळकसाहेबाले सांगतलं, आता सूनबाईच धरीन." मग परातीतला पुढचा प्याला उचलला. "माह्या बाजूले कोन बसीन?"

बायको स्वयंपाकघराच्या दारात होती. ती आत निघून गेली. मी खाली बसलो, पंचा घेतला आणि प्याले पुसू लागलो. एक फुटला. बाबा म्हणाले, "राहू दे, कपाटात दुसरे आहेत."

त्या महिन्याचे उरलेले रविवार मी अमरावतीतच होतो. त्यांतल्या एकाही रविवारी टपरीवर गेलो नाही असं म्हणालो तर ते खोटं ठरेल, दोनदा गेलो. पण पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी पुन्हा अकोल्यात होतो. सकाळपासून चहा नाही, डोकं नेहमीसारखंच ठणकत होतं. गेटपाशी पाय टेकवला, बायको उतरली, आणि या वेळी तिने स्कूटरची किल्लीच काढून घेतली. पलीकडून मेंढपाळाने हात केला. मी त्याला आत ये अशी खूण केली, त्याने मला बाहेर ये अशी केली. शेवटी दोघंही हसलो आणि मी आत गेलो.

तिसऱ्या बाकावर रुमाल होता. बाबांनी तो उचलून खिशात घातला. मी बसलो. गीताचं पुस्तक आमच्या दोघांत एकच. बाबांना सगळं पाठ आहे, तरी ते ओळीखालून बोट फिरवत होते, मी चुकू नये म्हणून. मी चुकलोच, दुसऱ्याच कडव्यात.

मग ताट आलं. बायकोने ते आमच्यासमोर धरलं. मी माझा प्याला घेतला, बाबांनी त्यांचा. त्यांच्या हातात तो हलायला लागला, रस काठापर्यंत आला. मी माझा प्याला बाकावर ठेवला आणि त्यांच्या हाताला खालून हात लावला.